छातीत मेंढरं उधळल्यावानी

कुंभारी, सोलापूर

प्रिय सृष्टी,

हे पत्र तुझ्या पुण्याच्या संस्थेच्या पत्त्यावर पाठवतेय. घर बदललंस तेव्हा नवा पत्ता कळवायचं तुझ्याकडून राहून गेलं असेल, आणि फोन तर तू उचलतच नाहीस. कामात असतेस, मला ठाऊक आहे. परवा तुझ्या दाजींनी कारखान्यातून येताच मोबाईलवर तुझं भाषण दाखवलं. छान दिसत होतीस. मोरपंखी साडी, केस कापलेले. उदासपणा आणि घोर ओळखायची तुझी प्रश्नावली आता आपल्या सगळ्या दुष्काळी तालुक्यांत वापरतात, म्हणून तुला पुरस्कार मिळणार आहे म्हणे. तू सांगत होतीस, "मी मेंढपाळ बायांच्या वस्त्यांवर फिरले, त्यांच्यात बसले, त्यांच्या तोंडचे शब्द वेचले." लोकांनी टाळ्या वाजवल्या. दाजींनी माझ्याकडं बघितलं आणि मोबाईल बंद केला.

त्या वस्त्या कुठल्या गं? मला आपलं एकच अंगण आठवतं. बापू गेल्यावर मेंढरं विकली आणि आईला मी माझ्याकडं आणलं, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात तू आली होतीस. मांडीवर लॅपटॉप घेऊन आईसमोर बसलीस. इंग्रजीतले प्रश्न मराठीत आणले होतेस, ते बायांना कळतात का हे बघायचं होतं तुला. मी चुलीपाशी भाकऱ्या थापत होते. तू वाचलंस, "गेल्या काही दिवसांत तुम्हाला निरुत्साह जाणवला का?" आणि आई म्हणाली, "निरुत्साव? ह्यो कुटला उत्सव गं बाई?" आपण दोघी किती हसलो! आईपण हसली. मग तिनंच तुला विचारलं, "तुला काय इचारायचंय ते मला सांग की. मी सांगते कसं इचारायचं."

तू समजावून सांगत गेलीस आणि आई शब्द देत गेली. "असं इचार, दिस उगवला की वज्जं वाटतं का? जेवान मातीवानी लागतं का?" जीव घाबरतो हे कसं विचारायचं, यावर तिनं हात छातीवर ठेवला. म्हणाली, "छातीत मेंढरं उधळल्यावानी हुतं का, असं इचार. समद्यांस्नी कळंल." आणि एकटेपणाचं विचारलंस तेव्हा, "कळप म्होरं गेला आन आपुनच मागं राह्यलोय, असं वाटतं का?" तुझी बोटं थांबत नव्हती. "आई, कसलं भारी सांगतेस!" असं म्हणत होतीस. संध्याकाळच्या गाडीनं तू परतलीससुद्धा. हे शब्द तिला कुठून सुचतात, ते तू विचारलं नाहीस. शंभर बायांना विचारायचा प्रश्न तयार झाला, पण तो समोर बसलेल्या बाईला विचारायचं तुझ्या डोक्यात आलं नाही.

तुझ्या कामाचा उपयोग होत नाही असं मी म्हणणार नाही. आमच्या शेजारच्या प्रियंकाला बाळंतपणानंतर काही गोड लागत नव्हतं, बाळाकडं बघायची नाही. आशाताईंनी तुझे प्रश्न विचारले, ती रडली, आणि त्याच आठवड्यात दवाखान्यात गेली. बोलणं, गोळ्या, पुन्हा बोलणं. आता बाळ कडेवर घेऊन दळण न्यायला जाते. येता-जाता तुझं नाव काढते, "सृष्टीताईंचे लई उपकार हायत," म्हणते. मी मान हलवते.

यंदा पावसाळ्यात आईचं फारच बिघडलं. केसांना तेल नाही, अंघोळीला नको म्हणायची, उंबऱ्यावर बसून रस्त्याकडं बघत राहायची. तेव्हा मी तिला सोलापुरात डॉक्टरांकडं घेऊन गेले. अमरेश डॉक्टर वयानं लहान आहेत, स्वभावानंही मऊ. तिला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं, आणि कागद पुढं घेऊन विचारायला लागले, "आजी, दिवस उगवला की वज्जं वाटतं का?" आईनं मान वर केली. कितीतरी दिवसांनी तिच्या तोंडावर मी जरा उजेड बघितला. डॉक्टर पुढचा प्रश्न वाचायच्या आत तिनंच तो म्हणून दाखवला, आणि त्याच्या पुढचाही. "ह्ये माजंच बोलनं हाय," ती म्हणाली. "माजी लेक घिऊन गेली त्ये. समदे सवाल माजेच हायत."

डॉक्टर हसले नाहीत. हळूच विचारलं, "सगळे प्रश्न तुमचे?" ती म्हणाली, "व्हय. लोक गावोगाव माजंच बोलत्यात." झालं. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. मी म्हणाले, साहेब, खरं आहे, मी तिथंच होते, सृष्टी माझी धाकटी बहीण. त्यांनी माझ्याकडंही तसंच मऊपणानं बघितलं आणि विचारलं, घरात आणखी कुणाला असा त्रास आहे का? तरी माणूस भला. म्हणाले, "मॅडमना मी ओळखतो, त्यांच्या प्रशिक्षणाला होतो. त्यांनाच विचारू." आणि आमच्या समोर त्यांनी तुला फोन लावला. आवाज मोठा ठेवला, आम्हाला ऐकू यावा म्हणून.

तू काय बोललीस ते तुला आठवत असेल. तरी लिहिते, कारण इकडं कसं ऐकू आलं ते तुला माहीत नाही. आधी तू इंग्रजीत काही बोललीस, मग मराठीत म्हणालीस, "नाही डॉक्टर, तसं काही नाही. शब्द आम्ही बऱ्याच गावांतून जमवलेत. वडील गेल्यापासून आई असं बोलते." सृष्टी, आईचं त्या बोलण्याकडं लक्षच नव्हतं. तिला फक्त तुझा आवाज आल्याचा आनंद झाला. टेबलावर वाकून फोनला म्हणाली, "सृष्टे, जेवलीस का गं?" तेवढ्यात तू फोन ठेवला होतास. ती थोडा वेळ तशीच वाकून उत्तराची वाट बघत होती. डॉक्टरांनी मान खाली घातली आणि भास होतात त्या मोठ्या आजाराच्या गोळ्या लिहिल्या.

त्या दिवशी संध्याकाळी मी फोन केला तेव्हा मात्र तू उचललास. म्हणालीस, "अक्का, तुला नाही कळायचं. सगळे शब्द एकट्या आईचे, असं आता सांगितलं तर सगळं काम खोटं ठरेल. पुरस्कार होऊ दे, मग मी डॉक्टरांशी बोलते. त्या गोळ्यांनी काही होत नाही." काही होत नाही हे बरोबरच आहे. आता तिला काहीच होत नाही. दुपार होईपर्यंत झोपते. जीभ जड झालीय, घास तोंडातच राहतो, चहाची कपबशी हातात थरथरते म्हणून मी पेल्यातून पाजते. मी पुन्हा दवाखान्यात जाऊन सांगून बघितलं. डॉक्टर म्हणाले, "ताई, तुमची बहीण यातली जाणकार आहे. आईच्या भासाला तुम्ही दुजोरा देऊ नका, त्यांनाच त्रास होतो." तुझ्या नावापुढं माझी दहावी कुठं टिकणार?

पण सगळ्यात वाईट गोळ्यांनी झालं नाही. गेल्या आठवड्यात मी तिचं डोकं विंचरत होते. म्हटलं, आई, ते शब्द तुझेच आहेत, मी भाकरी थापत ऐकलेत. तिनं माझा हात धरला. "आसू दे गं," म्हणाली. "भासच आसंल. डाक्टर कशाला खोटं बोलंल? आन सृष्टी तर न्हाईच बोलायची." मी परत सांगायला लागले तर माझ्याकडं कळवळून बघितलं तिनं. "तुलाबी लागलं व्हय गं माजं याड?"

तेव्हापासून तिला एकच घोर लागलाय, आणि म्हणून हे पत्र. तू फोन करत नाहीस, कारण तू रागावलीस, असं तिनं ठरवून टाकलंय. लेकीनं एवढं शिकून काम केलं आणि आपण चारचौघांत त्याच्यावर हक्क सांगितला, याची तिला लाज वाटतेय. आत्ता ती माझ्याजवळ बसलीय आणि सांगतेय तसं लिहिते. "बाई सृष्टे, माजं डोस्कं ठिकाणावर न्हाय. तुजं काम तुजंच हाय, मी खोटं बोलले. मनावर घिऊ नगंस. मला माफ कर." दोनदा विचारून झालं, लिहिलंस का म्हणून. आता म्हणतेय, वाचून दाखव. तेवढंच वाचून दाखवीन. सृष्टी, फोन कर. दुपारनंतर कर, तेव्हा ती जागी असते. बाकी काही सांगू नकोस, रडूही नकोस. माफ केलं, एवढं फक्त म्हण तिला.

तुझीच,
अक्का