आमच्या गव्हर्नरबाईंची पारख

सेवर्ड, नेब्रास्का
मंगळवार, जुलैचा दुसरा आठवडा

तीर्थस्वरूप एनारदादास,

धाकट्या ऑर्विलचा नमस्कार. गुडघ्यांनी वाकू देणं सोडून दोन वर्षं झाली, तेव्हा मनाने वाकलोय असं समजून आशीर्वाद द्यावा. इनगावहिनींचा नवा खुबा कसा आहे? त्यांना म्हणावं, काठी टाकायची घाई करू नका. काठी हातात असली की चर्चमध्ये लोक उठून जागा देतात. तुझा रक्तदाब तू कोणाला सांगत नाहीस, म्हणून विचारत नाही. इकडे सर्व क्षेम आहे. म्हणजे मका क्षेम आहे, गुरं क्षेम आहेत, कुत्राही क्षेम आहे. माणसांचं पुढे सांगतो. पण पत्र वाचून झालं की शेगडीत घाल, कारण यातलं अवाक्षरही बाहेर काढणार नाही असं मी तीन वेगवेगळ्या कागदांवर सही करून दिलेलं आहे.

तर आपली आर्डिस (म्हणजे माझी बायको आणि या राज्याची गव्हर्नर, हल्ली लोक मला ही ओळख उलट्या क्रमाने करून देतात) हिचं नाव देशाच्या उपाध्यक्षपदासाठी निघालं आहे. सिनेटर विन्स्लो हार्टवेल हे आपल्या पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार, हे तू वाचलंच असशील. आता त्यांना पुढच्या महिन्यातल्या अधिवेशनाआधी जोडीदार हवा आहे. दादा, आपण दोघांनी मिळून ऐंशी वर्षं या राज्यातली गुरं तपासली. शेतकरी बैल विकत घेताना काय बघतो? दात बघतो, खूर बघतो, चालवून बघतो, आणि मुख्य म्हणजे हा काम करील का ते बघतो. मला वाटलं होतं, एवढ्या मोठ्या देशाचा दोन नंबरचा माणूस निवडायचा तर निदान तेवढं तरी बघत असतील. मी किती भोळा आहे, हे या वयात कळलं.

ते आधी बघतात नकाशा. हार्टवेल पडले कनेटिकटचे, समुद्राकाठचे, बोटीवर सुट्टी घालवणारे. तेव्हा जोडीदार हवा देशाच्या मधल्या भागातला, ज्याने गाय प्रत्यक्ष पाहिलेली आहे असा. मग बघतात उमेदवाराच्या अंगात काय कमी आहे. पण ते जोडीदारात फार असूनही चालत नाही, कारण मग लोकांना फरक दिसतो. आर्डिसच्या आधी यादीत एक जनरल होते. त्यांच्या छातीवर पदकं इतकी, की शेजारी उभे राहिलेले हार्टवेल पाव विकायला आल्यासारखे दिसले. जनरल गेले. मग फ्लोरिडाच्या एक सिनेटरबाई होत्या; त्या फार छान बोलतात, म्हणून त्याही गेल्या. ओहायोतल्या एका महापौरांवर सगळ्यांचं एकमत झालं होतं, पण ते हार्टवेलपेक्षा दोन इंच उंच निघाले. आमच्या आर्डिसला त्यांनी बुटांसकट एकदा आणि बुटांशिवाय एकदा मोजलं. साडेतीन इंच कमी भरली. मोजणाऱ्याच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसला, तो मी फक्त जुळी वासरं झालेल्या शेतकऱ्याच्या चेहऱ्यावर पाहिलेला आहे.

हा मोजणारा म्हणजे हॉलिस पेम्ब्रिज, वॉशिंग्टनचा वकील. उमेदवाराच्या वतीने संभाव्य जोडीदारांची झडती घेणं हा याचा धंदा. हा नि त्याचे दोन मदतनीस गेल्या सोमवारी आमच्या दारात उतरले. वार्ताहरांना सुगावा लागू नये म्हणून ते गटारं उपसणाऱ्यांची गाडी भाड्याने घेऊन आले होते, वर निळे डगले घालून. (डगल्यांच्या आत रेशमी टाय होते.) गाडी तीन दिवस अंगणात उभी. पहिल्या दिवशी शेजारच्या नोव्होत्नीबाईंनी मला कुंपणावरून विचारलं, "डॉक्टर, इतकं काय तुंबलंय हो तुमच्याकडे?" दुसऱ्या दिवशी त्या थेट गाडीपाशीच गेल्या आणि म्हणाल्या, "गव्हर्नरबाईंचं झालं की आमच्याकडे पण या जरा, मोरीतून वर येतंय." गुपित फुटू नये म्हणून एका मदतनिसाला जावं लागलं. हार्वर्डमध्ये शिकलेला तो माणूस तास-दीड तास मोरीत वाकून बघत होता. बाई म्हणतात, माणूस नम्र होता, पण कामात काही दम नाही.

त्यांनी आणलेला फॉर्म एकशे शहाऐंशी प्रश्नांचा होता. तुम्ही कधी मानसोपचार घेतलेत का? घेतले नसतील तर का नाही? कुठल्या नातेवाइकाला अटक झाली आहे? कोणाला व्हायला हवी होती? (हा प्रश्न फॉर्ममध्ये नव्हता, पेम्ब्रिजने तोंडी विचारला. मी ग्लेनकाकांचं नाव घेतलं नाही.) आमच्या लग्नाच्या आधी तिने कोणाकोणाबरोबर नाच केला, त्यातले किती हयात आहेत, आणि त्यांच्यातलं कोणी बोलकं आहे का? कुत्र्याची लसीकरणाची पत्रिकासुद्धा मागितली. ती मात्र मी अभिमानाने दाखवली, कारण आमच्या घरात बिनडाग कारकीर्द असलेला एवढा एकच जीव आहे. दुपारी आर्डिसने त्यांना आपल्याकडच्या रीतीप्रमाणे खिम्याचा तिखट रस्सा आणि त्याबरोबर दालचिनीचा गोड रोल वाढला, तर पेम्ब्रिजने दोन्हींकडे पाहून हळूच विचारलं, "ही काही धार्मिक प्रथा आहे का?" आणि वहीत नोंद केली.

आणि काय विचारलं नाही ते ऐक. प्लॅट नदीला पूर आला तेव्हा ही बाई मांड्यांपर्यंतचे रबरी बूट घालून तीन दिवस बंधाऱ्यावर उभी होती. अकरा गावं वाचली. तूच तेव्हा मला फोन करून म्हणाला होतास, की ऑर्विल, तुझी बायको तुझ्यापेक्षा बरी आहे हे माहीत होतं, पण इतकी? त्या पुराबद्दल पेम्ब्रिजने एकच प्रश्न विचारला. म्हणाला, "यातला एखादा फोटो आहे का, ज्यात बाई जरा कमी ओल्या आहेत?"

शुक्रवारी ओमाहाच्या विमानतळाजवळ एका हॉटेलात खुद्द हार्टवेलसाहेबांबरोबर जेवण झालं. दोघांचं जमतं का हे बघायला असं एक जेवण घालायची पद्धत आहे. आम्हाला स्वयंपाकघराच्या दाराने आत नेलं. चाळीस मिनिटं मिळाली, त्यातली एकतीस साहेब स्वतःबद्दल बोलले. त्यांनी एक विनोद सांगितला, त्यात एक शेतकरी आणि एक बँकवाला होता. आर्डिस हसली. फळं आली तेव्हा साहेबांनी तोच विनोद पुन्हा सांगितला. आर्डिस पुन्हा हसली, आणि दादा, अगदी तेवढीच हसली. मक्यापासून इंधन बनवण्याच्या कायद्यासाठी ती वीस वर्षं भांडली. साहेबांनी दर वेळी विरुद्ध मत दिलं. साहेब म्हणाले, "या विषयावर आपल्यात मतभेद नाहीत असं मी समजतो." तिने काट्याने पानातला टोमॅटो इकडून तिकडे केला आणि म्हणाली, "बारकावे तपासता येतील." बारकावे! आपल्या काउंटीत याच्यापेक्षा कमी कारणासाठी माणसं एकमेकांच्या अंत्यविधीला जात नाहीत.

येताना गाडीत मी तिला जे बोलायचं ते बोललो. म्हटलं, अगं, हे पद म्हणजे काय आहे? रोज सकाळी अध्यक्षांच्या तब्येतीची चौकशी करायची, ती उत्तम आहे असं ऐकून आनंद दाखवायचा, आणि परदेशात कोणी मेलं की हार घेऊन विमानात बसायचं. गाडी तीच चालवत होती. मग वेव्हर्लीच्या फाट्यापाशी म्हणाली, "ऑर्विल, मला हे हवंय." बेचाळीस वर्षांत या बाईने स्वतःसाठी काही मागितल्याचं मला आठवत नाही. मोठा फ्रीज घेतला तोही माझ्या गुरांच्या लसींसाठी म्हणून. जानेवारीत तिची गव्हर्नरपदाची मुदत संपते; त्यानंतर ती माझ्याबरोबर ओट्यावर बसून मका वाढताना बघणार, याची तिला धास्ती वाटते. मला फार वाईट वाटलं.

आणि काल सोमवारी पेम्ब्रिज पुन्हा आला, एक जाड फाइल घेऊन. आपल्या साप्ताहिकात 'एक कंटाळलेला गुरांचा डॉक्टर' या सहीने गेली नऊ वर्षं संपादकांना पत्रं येत असतात, ती तू वाचतोसच. एकूण सदतीस. त्यातली एकवीस हार्टवेल यांच्यावर आहेत. पेम्ब्रिजने चष्मा लावून आमच्या जेवणाच्या टेबलावर ती मोठ्याने वाचली. 'सिनेटर हार्टवेल तत्त्वांना पक्के आहेत. तत्त्व कुठलं, ते त्यांना दर मंगळवारी कळवण्यात येतं.' 'सिनेटरसाहेबांना गाय आणि बैल यांतला फरक ठाऊक नसल्याने ते दोघांकडे सारख्याच अपेक्षेने बादली घेऊन जातात.' (हे वाचताना धाकटा मदतनीस खोकत खोकत बाहेर गेला.) सगळी वाचून झाल्यावर पेम्ब्रिजने चष्मा काढला आणि म्हणाला, "डॉक्टरसाहेब, ही तुमची का?" समोर आर्डिस बसली होती. मी उत्तर दिलं, तो बरं म्हणाला, त्याने वहीत लिहून घेतलं आणि गेला.

तर असा हा सगळा बाजार आहे. माणसाचं काम बघायचं नाही, उंची बघायची. डोकं बघायचं नाही, नकाशा बघायचा. अशा लोकांपुढे आपल्या टॉलेफसन घराण्यातल्या कोणी मान तुकवलेली नाही आणि तुकवणारही नाही, एवढं तुझ्या शिकवणुकीला स्मरून सांगतो. वहिनींना नमस्कार, नातवंडांना पापे.

तुझा,
ऑर्विल

ता.क. वहिनींनी मागे दिलेल्या लोणच्याच्या काकड्या पेम्ब्रिजला फार आवडल्या. अर्धी बरणी त्याने एकट्याने संपवली. हे तुला ठाऊक असावं म्हणून लिहिलं.

ता.क. २ (बुधवार). ठाऊक असावं म्हणायचं कारण, तो परवा तिकडे ओगलालाला तुझ्याकडे येणार आहे. गाडी गटारवाल्यांची असेल, तिला हाकलू नकोस. दादा, मी सोमवारी त्याला म्हणालो, की पत्रं माझी नाहीत; माझा थोरला भाऊही गुरांचा डॉक्टर आहे, आणि तो माझ्याहून पुष्कळच कंटाळलेला आहे. तेव्हा तू फक्त 'हो, मीच लिहिली' एवढं म्हण. तुझं वय झालंय, तुला कुठली निवडणूक लढवायची नाही, आणि बैलाचा विनोद तुझ्या तोंडी शोभूनही दिसेल. मान तुकवण्याबद्दल वर जे लिहिलंय ते माझ्यापुरतं समज. आणखी एक सांगायचं राहिलं, ते सांगितल्याशिवाय चैन पडायचं नाही. मी हे खोटं बोललो तेव्हा आर्डिस समोरच होती. सगळी पत्रं टाकण्याआधी तिनेच वाचलेली आहेत. बादलीचा शब्द तर तिचाच. या बाईने बावीस वर्षांच्या राजकारणात आपल्यासमोर कोणाला खोटं बोलून जाऊ दिलं नाही, मला तर नाहीच. मी वाट बघत होतो की आता म्हणेल, ऑर्विल, पुरे. तिने पेम्ब्रिजच्या कपात कॉफी ओतली आणि साखर पुढे केली.

ता.क. ३ (गुरुवार). पत्र टाकायचं राहिलं ते बरंच झालं. तू आता काही कबूल करायची गरज नाही. सकाळी पेम्ब्रिजचा फोन आला. आर्डिसची निवड झाली, शनिवारी जाहीर करणार आहेत. मी त्याला म्हटलं, अहो, पण ओगलालाला जाऊन यायचं होतं ना तुम्ही? तो हसला. म्हणाला, "डॉक्टरसाहेब, छापायला टोपणनाव चाललं तरी संपादक खाली खरं नाव आणि फोन नंबर मागतो. तुम्ही तो सदतीसही वेळा नीट अक्षरात लिहिला आहे. पत्रं तुमची हे आम्हाला केव्हापासूनच माहीत होतं." मग म्हटलं, तर विचारलंत कशाला? म्हणाला, "आपल्या जोडीचा माणूस खोटं बोलतो तेव्हा बाई काय करतात, ते बघायचं होतं. सिनेटरसाहेबांना तेच ऐकून फार समाधान वाटलं. जनरल तिथे खरं बोलून गेले, म्हणून नापास झाले. पदकांचं कारण आम्ही नुसतं लोकांना सांगायला ठेवलं."

आर्डिस दुसऱ्या फोनवर हे सगळं ऐकत होती. मी तिच्यापाशी गेलो, हात धरला आणि म्हणालो, "अभिनंदन."

ती म्हणाली, "कशाबद्दल, ऑर्विल?"