उघडी मुळं

आई, परसातलं पीच पानं टाकायला लागलंय, म्हणून आज कागद घेऊन तुझ्याशी बोलायला बसले. तू लावलेलं झाड केव्हाच वठलं. हे त्याच्या बाठ्यापासून केलेलं, तुझं नातवंड म्हण हवं तर. पण थंडी पडली की याच्याकडे पाठ करून मला आजही कपडे वाळत घालता येत नाहीत. मागं तू बसली आहेस, असं वाटत राहतं.

मामा फौजेतून रजेवर आला तेव्हा ट्रंकेबरोबर ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं ते काटकुळं रोप घेऊन आला होता. तिकडं डोंगरात म्हणे दारोदारी असतात. आपल्या कळंब्याच्या मातीत ते वाढलं बक्कळ, पण फळायचं नाव नाही. शाहूपुरीत दिवसभर गुळाच्या ढेपा मोजून आलेले आबा सायकल भिंतीला लावता लावता विचारायचे, तुझ्या भावाचं झाड आज काय देणार, सावली की नुसताच कचरा? तुझ्या माहेरी पेरूची बाग होती, आणि पेरूला जे चालतं ते याला का चालू नये, एवढंच तुझं शास्त्र. दिवाळी झाली की तू त्याचं पाणी तोडायचीस. गारठा वाढला की खुरप्यानं बुंध्याभोवतीची माती काढून मुळं उघडी टाकायचीस, राहिलेली पानं हातानं ओरबाडायचीस. मला ते बघवायचं नाही. एकदा मी चोरून तांब्याभर पाणी नेलं तर तू मनगट धरलंस. "पोटभर मिळालं की ते नुसतं पानात लोळतंय. जरा उपाशी ऱ्हाऊ दे, मग बघ." काही दिवसांनी शेणखत घालून मुळं झाकलीस, पाणी सोडलंस, आणि त्या उघड्याबोडक्या काठ्यांवर गुलाबी फुलं आली. आबा सायकल हातात धरून तसेच उभे राहिले. त्यानंतर त्यांनी कचऱ्याचं नाव काढलं नाही.

उन्हाळ्यात पोपटांपासून वाचवायला आबांच्या जुन्या धोतराच्या पिशव्या फळांना बांधायच्या. मग एके सकाळी वासावरून तुला कळायचं. मी फळाला हात घालते, ओढते, फांदी वाकते, आणि पाठीत तुझा धपाटा बसतो. "ओढू नगंस. तळव्यात धर आन् जरासं फिरीव. यायचं असंल तर आपसूक यील, न्हाय तर ऱ्हाऊ दे की." माझ्या हाताखाली तुझा हात असतो. फळाची लव मनगटाला चिकटून दिवसभर खाजत राहते. पहिलं फळ देवापुढं, दुसरं आबांच्या ताटात, असा तुझा नेम होता.

मग एका थंडीत मुळं उघडून झाल्यावर तू हात धुवायला उठलीस आणि हौदापाशीच खाली बसलीस. दिवस मावळायच्या आत सगळं संपलं. खुरपं आळ्याच्या कडेला तसंच पडून राहिलं. दिवस घालताना कुणाला झाडाची आठवण राहणार? तेराव्यानंतर आत्या परसात गेली आणि ते निष्पर्ण झाड, तो खड्डा, ती उघडी मुळं बघून तशीच उलट्या पावली आत आली. "सोताच्या हातानं खड्डा खणून गेली वैनी. आनि कुनाला न्यायच्या आत ते झाड काढ, दादा." आबा म्हणाले, उद्या सकाळी माणूस बोलावतो. मी जाऊन आळ्याशी बसले. कडेच्या मातीत तुझ्या चार बोटांच्या खुणा अजून होत्या. घरात तुझं बाकी सगळं धुऊन, घड्या घालून झालं होतं. एवढंच तेवढं राहिलं होतं, आणि ते उद्या जाणार होतं.

सकाळी माणूस कुऱ्हाड घेऊन आला, आम्ही सगळे मागं गेलो. आळं भरलेलं होतं. शेणखत घालून माती थापलेली, वर पाणी अजून मुरत होतं, आणि खुरपं धुऊन हौदावर ठेवलेलं. तू ठेवायचीस तसंच. आत्यानं पदर तोंडाला लावला. "आलती," एवढंच म्हणाली. माणसानं कुऱ्हाड खाली ठेवून झाडाला हात जोडले. आबांनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं. रिकामा कप माझ्याकडं देताना त्यांचा हात माझ्या डोळ्यांसमोर आला. नखांत शेण होतं. मी बघितलं हे त्यांनी बघितलं, आणि त्या दिवसापासून ते जाईपर्यंत आम्ही दोघांनी त्यावर चकार शब्द काढला नाही. त्या उन्हाळ्यात धोतराच्या पिशव्या आबांनी शिवल्या. टाके वेडेवाकडे होते.

आता मुळं मी उघडते. हा कागद कुठं पाठवायचा नाही, म्हणून सांगते. आबांची नखं मी पाहिली आहेत, त्यामुळं तू आली होतीस असं आत्यासारखं मला मानता येत नाही. तरी दर वर्षी झाकायची वेळ आली की शेणखताची पाटी भरून आळ्याशेजारी ठेवते, खुरपं ठेवते, आणि त्या दिवशी मुद्दाम झाकत नाही. सकाळी चहा ठेवायच्या आधी मागचं दार उघडून बघते. मुळं उघडीच असतात. मग मी झाकते.