हौशा आता दोर ओढत नाही

अहो महेशचे बाबा,

आत्ताच शेतातून घरी आले, पाय धुतले आणि तशीच वही घेऊन बसले. हो, शेतातून! तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. ही बातमी तुमच्याआधी कुणाला सांगायची नाही असं वाटेतच ठरवलं. महेशलाही अजून फोन केला नाही.

सोबत हौशा होता. नाव ऐकून बैल वाटला ना? कुत्र्याचं पिल्लू आहे! काळंपांढरं, कानांनी मोठं आणि अंगानं लहान. पोळ्याच्या दिवशी शेजारच्या सिंधूनं आणून माझ्या ओटीत टाकलं. म्हणाली, "काकू, तुमी नुसत्या भिंतीकडं पाहून राह्यल्या. हे घ्या. हे तुमाले बसू नाही देत." सणाचा दिवस आणि आपल्या दारात बैल नाही. माझ्या तोंडून बैलाचंच नाव निघालं.

सिंधूची काळजी खोटी नव्हती. महेश दर फोनला म्हणतो, "माय, संक्रांतीपर्यंत काय ते ठरव. वावर ठेक्यानं देऊ, घराले कुलूप लावू, तू नागपूरले ये." त्याचं तरी काय चुकलं? शेताच्या धुऱ्यावरच्या बाभळीखाली तुम्ही बसलात ते उठलाच नाहीत. त्यानंतर मी मारुतीच्या देवळापर्यंत जायची आणि मागे फिरायची. यंदाची पेरणीसुद्धा सिंधूच्या घरच्यांनी करून दिली. जिला शेताची वाट चालवत नाही, तिनं शेत ठेवून करायचं काय?

हौशाला मात्र वाटच वाट हवी. आपला रस्ता कसा आहे ते तुम्हाला माहीतच आहे, हैदराबादकडे जाणारे ट्रक काही कुणासाठी थांबत नाहीत. म्हणून त्याला दोरावर चालायला शिकवणं भाग होतं. पण मला कुठं येतं कुत्रं शिकवायला? मी आयुष्यभर पाहिली ती गुरं. ओढाळ वासराच्या गळ्यात आपण लाकडाचं लोढणं बांधतो, पळायला लागलं की पायात येतं. मी हौशाच्या गळ्यात कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीचा तुकडा बांधला.

त्यानं काय केलं असेल? तो तुकडा तोंडात धरला आणि शेपूट वर करून सगळ्या गल्लीत मिरवला! संध्याकाळपर्यंत चावून चावून त्याचा भुगा. सिंधू हसता हसता खालीच बसली. "काकू, कुत्रं हाय ते, गोऱ्हा नोहे!"

मग तुमचा पाखऱ्या आठवला, तो तरणा गोऱ्हा. त्याला शिकवताना तुम्ही भर रस्त्यात तासन् तास उभे. मी दारातून ओरडायची, "अर्धा दिवस गेला, काय करून राह्यले तुमी?" तुमचं एकच उत्तर, "त्यानं ओढलं का थांबाचं, दोर ढिला पडला का चालाचं. त्याले समजू दे." ना शिवी, ना काठी.

आता विषय निघालाच आहे तर विचारते. गोऱ्ह्यासाठी एवढे थांबत होता, मग माझ्यासाठी काहून नाही? पांढरकवड्याच्या बाजारात तुम्ही कायम दहा पावलं पुढे, आणि मी पिशव्या घेऊन मागे! एकदा मुद्दाम बांगड्यांच्या दुकानात शिरले. बसस्टँडवर पोचल्यावर तुमच्या लक्षात आलं की बायको नाही. घामाघूम होऊन शोधत आलात, तेव्हा तुमचं तोंड पाहण्यासारखं होतं!

तर तुमचीच रीत धरली. पहिल्या दिवशी आपल्या दारापासून सिंधूच्या ओट्यापर्यंत जायला इतका वेळ लागला की हापशीवरच्या बायांनी विचारलं, "काकू, पाय धरले काय?" म्हटलं, "नाही वं, शाळा चालू हाय." दोन पावलं चालायचो, चार वेळा थांबायचो. लाज वाटायची आणि हसूही यायचं. कितीतरी महिन्यांनी रात्री गाढ झोप लागली.

आज रस्त्याशी आलो तर समोरून ट्रक गेला. हौशा माझ्या पायाशी गुपचूप बसला. त्याचं कौतुक करण्याच्या नादात मी रस्ता ओलांडला, आणि मग ध्यानात आलं, देऊळ कधीच मागे पडलंय! परत फिरावंसं वाटलं नाही. तूर माझ्या डोक्याच्या वर गेलीय हो, पिवळ्या फुलांनी नुसती भरलीय.

बाभळ दिसली आणि माझे पाय थांबले. पुढे टिटवी ओरडत होती. वाटलं, हा आता जीव खाऊन ओढणार. पण दोर ढिलाच राहिला. हौशा वळला, माझ्याकडे पाहिलं आणि उभा राहिला. मी मोठ्यानं रडले. किती वेळ ते ठाऊक नाही. त्यानं एकदाही ओढलं नाही. मी पाऊल उचललं, तेव्हाच त्यानं उचललं.

आणि मग बाभळीच्या बुंध्याशीच त्यानं आपला कार्यक्रम उरकला! रागावू नका. रडता रडता मला इतकं हसू आलं की पदर कशासाठी डोळ्यांना लावतेय तेच कळेना. तुम्ही असता तर तुम्हीही हसला असता.

आता महेशला फोन करते. वावर ठेक्यानं द्यायचं नाही. त्याला सांगेन, नागपूरला येईन, चार दिवस राहीन, नातवाचे लाड करीन आणि तुरीच्या सोंगणीआधी घरी परतेन. उद्या विहिरीपर्यंत जाणार आहे. कधी पाय जड होतील, कधी वाटेतच रडू येईल. तेव्हा थांबेन, पण मागे फिरणार नाही, हा शब्द देते तुम्हाला.

तुमचीच,
महेशची माय