डालग्याखालची कोकरं

मु. कडुबाचं रान, गंगापूरजवळ
ता. ७ जानेवारी २०२५, मंगळवार

चि. अक्षदास,
सुगंधा आत्याचे अनेक आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नकोस, सगळे धडधाकट आहेत. माझा फोन बंद करून मी पिठाच्या डब्यात ठेवला आहे, म्हणून हा कागद. कालपासून त्या फोनवर कुठल्या कुठल्या गावची माणसं मला शिव्या देत आहेत. सातवीपर्यंत शिकले त्याचा असा उपयोग व्हायचा होता.

काल दुपारी आमचे हे, म्हणजे तुझे मामा, मेंढ्या घेऊन कालव्याकडं गेले होते. वाड्यावर, म्हणजे रानातल्या आमच्या मुक्कामावर, मी एकटी होते आणि डालग्याखाली कोकरं. दहा-बारा दिवसांची ती, दिवसभर आयांमागं चालणार कुठं, आणि मागं राहिली तर कोल्ह्या-कुत्र्याच्या तोंडी जाणार. म्हणून बांबूच्या डालग्याखाली झाकायची आणि संध्याकाळी ज्याच्या त्याच्या आईला लावायची. हे तुला काय सांगू, तू त्याच डालग्यांशेजारी बसून पाढे म्हणायचीस.

दोन गाड्या आल्या. आठ-दहा पोरंपोरी, सगळ्यांच्या अंगात सारखे हिरवे शर्ट. एका उंच पोरानं मोबाइल माझ्या तोंडापुढं धरला आणि विचारलं की बाळांना आईपासून तोडताना तुम्हाला काही वाटत नाही का. मी म्हटलं, बाबा, संध्याकाळी आई येती, तवा सोडते. ते त्यानं कानावरच घेतलं नाही. डालगी उलटून एकोणीस कोकरं गाडीत भरली. मी आडवी गेले तर म्हणाले, हात लावू नका, व्हिडिओ चालू आहे.

संध्याकाळी मेंढ्या ओरडत पळत आल्या आणि एकेक डालगं हुंगत फिरल्या. ते काही लिहिण्यासारखं नाही. मामा चौकीवर जाऊन आले. हवालदारानं अर्ज घेतला आणि आपल्याच मोबाइलवर त्यांना व्हिडिओ दाखवला. त्यात मी, खाली लिहिलेलं की ही क्रूर बाई, आणि त्याखाली माझा नंबर.

तू त्या जनावरांच्या सेवेवाल्या पोरांमध्ये असतेस. दिवाळीला तू बिनदुधाचा चहा मागितलास तेव्हा मामांना वाटलं होतं की पोरीनं कसलं व्रत धरलंय. तुला त्या लोकांचा ठाव लागेल. मी सकाळ-संध्याकाळ मेंढ्या पिळून दूध जमिनीवर सोडते आहे, नाहीतर कास दगड होईल. पण पिल्लू नसलं की चार-सहा दिवसांत दूध आटतं. तेवढ्यात कोकरं आली तर आली. त्यात एक तुझ्या बांडी मेंढीचं पण आहे. तुझ्या बारशाला जी मेंढी तुझ्या नावानं सोडली, तिच्याच वंशातली ही.

मुबारकभाईची जीप रोज गंगापूरहून शहराकडं जाते. बजाजनगरच्या नाक्यावर तो थांबेल, उत्तर त्याच्याच हाती दे. मुंजाबाला काही कळवू नकोस, तुझ्या वडिलांचं बीपी आधीच वर असतं.

वाट बघते आहे.
तुझी आत्या

•

बजाजनगर
ता. ८ जानेवारी २०२५

ती. सौ. आत्यास,
अक्षदाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र नाक्यावर उभ्यानंच वाचलं आणि कामावर अर्धा दिवस रजा टाकली. कोकरं सापडली आहेत. शेंद्र्याच्या पुढं एका पत्र्याच्या शेडमध्ये आहेत. संस्थेचं नाव ‘बंधमुक्त’. आत्या, मी याच संस्थेत जाते. सोमवारी मी कामावर होते, ते तुझ्याकडं येणार आहेत हे मला माहीत नव्हतं.

तो उंच मुलगा म्हणजे प्रणय. तो वाईट आहे असं तुला लिहून मी मोकळी होऊ शकत नाही. तीन वर्षांपूर्वी दोरीनं विहिरीत उतरून त्यानं एक कुत्री वर काढली, ते बघूनच मी या कामात आले. पण वर्षभरात त्याचं बोलणं बदललं आहे. कुठलंच जनावर माणसाच्या हाताखाली नको, मग ते जगलं काय आणि मेलं काय. मी काल तासभर भांडले. तो म्हणाला की तुझ्या आत्याला तो गुन्हेगार म्हणत नाही, तुरुंगावरची शिपाई म्हणतो. बाकीच्यांनी मान डोलावली. भिंतीशी बोलावं तसं झालं.

कोकरांना सोमवारीच कुत्र्यांच्या शाम्पूनं आंघोळ घातली आहे, वास येतो म्हणून. दूध सोयाबीनचं पाजतात. गाईचं दूध घेणं हा गाईवर अन्याय आहे, असं ठरलेलं आहे. दोघांतिघांना हगवण लागली आहे. मी डॉक्टर लुबना मॅडमना बोलावलं आहे, त्या आमच्या कुत्र्यांना लस टोचतात. शुक्रवारी बैठक आहे, तिथं मत घेऊन कोकरं सोडवते.

तू रागावशील, पण एक लिहिते. बाजाराच्या दिवशी मामा नर कोकरं टेम्पोत चढवतात तेव्हा तू पालाच्या मागं जाऊन भांडी घासत बसतेस. मी लहानपणापासून ते बघितलं आहे. त्यामुळं आम्ही सगळेच वेडे आहोत असं समजू नकोस.

मामांना नमस्कार. तब्येतीला जप.
तुझी अक्षदा

•

मु. कडुबाचं रान
ता. ९ जानेवारी २०२५

चि. अक्षदास,
आशीर्वाद.

आंघोळ घातली हे वाचून मी कागद खाली ठेवला आणि कपाळाला हात लावला. मेंढीला लेकरू तोंडावरून कळत नाही. ती शेपटीशी हुंगते, आपला वास आला तर उभी राहते, नाही आला तर लाथ घालते. आता त्या एकोणिसांच्या अंगाला बांधावरूनच कळेल असा दुकानाचा वास येणार. त्यांना पुन्हा पाणी लावू देऊ नकोस. आणि सोयाबीनचं पाणी ताबडतोब बंद कर. गाईवर अन्याय नको म्हणून कोकराला मारायचं, हे कुठल्या शाळेत शिकवतात ते तरी विचार.

बाजाराचं लिहिलंस ते खरं आहे. मला बघवत नाही. टेम्पोत कशी कोंबतात तेही मला माहीत आहे, त्यावर तुझ्या पोरांनी आरडाओरडा केला असता तर मी त्यांना भाकरी बांधून दिली असती. पण तिथं पैसेवाले दांडगे व्यापारी असतात. इथं एक म्हातारी होती.

इथं आणखी एक विस्तव पडला आहे. दुपारी मी एकटी असते, कोकरं किती, डालगी कुठल्या बांधाला, हे बाहेरच्याला कळलं कसं, असं मामांच्या डोक्यात बसलं. वर माझा नंबर. हे सगळं फक्त कडुबाला माहीत. त्याच्याच रानात खतासाठी मेंढ्या बसवल्या आहेत. मामा जाऊन त्याला नको ते बोलले, चार माणसांत. कडुबानं लेकराची शपथ घेतली. मग त्याचंही टाळकं फिरलं, म्हणाला, अठरा तारखेच्या आत माझं रान सोडा. अकरा वर्षं आम्ही त्याच्याकडं उतरतो. त्याची बायको मला भाजी पाठवायची, कालपासून ती तोंड फिरवून जाते. मला नाही वाटत त्यानं सांगितलं असेल. पण मग कोणी सांगितलं. एवढं तुझ्या प्रणयला विचारून कळव, म्हणजे मामांना गप्प करता येईल.

बांडी दोन दिवस चरत नाही. दूध अजून आहे.

बैठकीत मत घेत बसू नकोस, आधी कोकरं आण.
तुझी आत्या

•

बजाजनगर
ता. १० जानेवारी २०२५, शुक्रवार

ती. सौ. आत्यास,
शि. सा. न.

हे पत्र मुबारकभाईंच्या हाती देत नाही, पोस्टात टाकते आहे. सोमवार-मंगळवारपर्यंत पोचेल. ते उशिरा पोचावं म्हणूनच पोस्टात टाकते आहे, हेही लिहून टाकते. रानाला पत्ता नाही, म्हणून पाकिटावर ‘द्वारा कडुबा’ लिहावं लागलं.

प्रणयला मीच सांगितलं. संस्था जंताच्या औषधाचं फुकट शिबिर घेणार होती. मला वाटलं, आपल्या मेंढ्यांना औषध मिळेल, तुला आनंद होईल. म्हणून मी फॉर्म भरला. कोणाचं रान, मेंढ्या किती, कोकरं वाड्यावर कधी असतात, तुझा नंबर, सगळं माझ्या अक्षरात आहे. ती चूक भाबडेपणाची म्हणता येईल. पण तेवढंच असतं तर मी हे तुला समोर सांगितलं असतं.

त्याच्या आधी एका बैठकीत प्रत्येकानं लहानपणीचं काही सांगायचं होतं. मी डालगी सांगितली. दिवसभर कोकरं आतून कशी ओरडतात आणि मी कान झाकून पाढे कशी म्हणायचे, ते सांगितलं. संध्याकाळचं सांगितलं नाही. मेंढ्या पळत येतात, तू एकेक कोकरू न चुकता त्याच्या आईखाली सोडतेस आणि मग सगळं रान गप्प होतं, ते मी गाळलं. लोक रडत होते, मला थांबावंसं वाटलं नाही. टाळ्या वाजल्या, आत्या. मला त्या आवडल्या.

आज बैठक झाली. कालपर्यंत पाच कोकरं गेली होती. लुबना मॅडमनी कागदावर लिहून दिलं की आईचं दूध मिळालं नाही तर उरलेलीही जातील. प्रणयनं तो कागद वाचला, घडी करून परत दिला आणि म्हणाला, “मेली तरी मोकळी मेली.” माझ्या बाजूनं एकच हात वर झाला, तो माझा. ज्या मुलीनं तुझ्या वाड्यावर रडत रडत कोकरं गाडीत भरली, तिनं मला घरभेदी म्हटलं. उद्या दुपारी सगळे मोर्चाला जाणार आहेत आणि शेडची किल्ली माझ्याकडं आहे, कारण दूध पाजायची पाळी माझी आहे. मुबारकभाईंना जीप रिकामी ठेवायला सांगितलं आहे.

मामांना सांग की कडुबाकाकांचा काही दोष नाही. मला क्षमा कर असं लिहिणार होते, पण ते तू ठरव.

अक्षदा

•

मु. कडुबाचं रान
ता. १५ जानेवारी २०२५, बुधवार

चि. अक्षदास,
आशीर्वाद.

तुझं पत्र काल, संक्रांतीला, आलं. कडुबा स्वतः घेऊन आला. पाकीट बांधावर ठेवलं, उडू नये म्हणून वर ढेकूळ ठेवलं आणि गेला. बाकी सगळी पत्रं मुबारकभाईच्या हाती आणि हे एकच पोस्टानं, म्हणून मी ते तिथंच बांधावर बसून फोडलं.

शनिवारी तू जीपमधून चौदा कोकरं उतरवलीस तेव्हा मला वाटलं, पोरीनं नाव काढलं. त्यांनी भरदुपारी नेली आणि तू भरदुपारी आणलीस, असं मी चार जणांना हसून सांगितलं. तू दोन दिवस माझ्या हाताखाली राबलीस. मी मेंढीचं दूध पिळून कोकराच्या डोक्याला आणि शेपटीला चोळत होते, तू मेंढ्यांचे पाय धरत होतीस, तुझ्या हाताची सालं निघाली. रविवारी रात्री जेवताना मामा कडुबाला शिव्या घालत होते आणि तू खाली मान घालून भाकरी मोडत होतीस. पत्र अजून पोस्टात आहे हे तुला माहीत होतं. मला काही माहीत नव्हतं. सोमवारी सकाळी तू गेलीस, तेव्हा मी तुला बाजरीचं पीठ बांधून दिलं.

पत्र मी मामांना वाचून दाखवलं. फॉर्मचं त्यांनी बसून ऐकलं. टाळ्यांचं ऐकून उठून बाहेर गेले. मग टोपी काढून हातात घेतली आणि कडुबाच्या दारी गेले. त्यानं दार उघडलं नाही. आम्ही शनिवारी उठतो, गोदावरीच्या अंगाला कुठं जागा मिळते बघू.

कोकरांचं सांगते. नऊ आयांनी घेतली. दोन आल्यावर गेली, पोट आतून जळालं होतं. दोन मी शेळीवर लावली आहेत. उरलं एक, तुझ्या बांडीचं. तिला दूध आहे, पिल्लू तिचंच आहे, पण ती हुंगते आणि लाथ घालते. अजून त्या शाम्पूचा वास तिच्या नाकातून जात नाही. सकाळ-संध्याकाळ मी तिचे पाय दाबून धरते, ती तोंड तिकडं फिरवून उभी राहते आणि पिल्लू पिऊन घेतं. तिला ओळख पटली नाही म्हणून त्याचं पोट भरायचं राहत नाही. असं कधी आठ दिवस चालतं, कधी महिना.

मुबारकभाई सांगतो की आता त्या मोबाइलवर तुझा फोटो आहे, खाली गद्दार लिहिलंय आणि तुझा नंबर दिलाय. म्हणजे तुझाही फोन पिठाच्या डब्यात गेला असेल. त्या वेळेला काय वाटतं ते मला माहीत आहे. एकटी खोलीवर राहू नकोस.

मी तुझ्यावर लई रागावले आहे, अक्षदा. जंताचं औषध मी विसरून जाईन. संध्याकाळ तू गाळलीस ते मला विसरता येत नाही, कारण त्या संध्याकाळीच तू माझ्याजवळ वाढलीस. हा राग माझ्या हातातला नाही, तो त्याच्या वेळेनं जाईल.

तरी शनिवारच्या आत ये. आधी कडुबाच्या दारी जा आणि ते उघडेपर्यंत बस, ते काम तुझं आहे. मग वाड्यावर ये. मी तुला जेवायला वाढीन. बोलेन असं कबूल करत नाही. पण पोटभर वाढीन. नंतर बांडीचे पाय तू धर, माझी कंबर भरून आली आहे.

येताना वासाचा साबण लावू नकोस.

तोंड तिकडं फिरवलेली,
तुझीच आत्या