ड्रम मशीनवर पाळत

६ मे, सायं. ५.१०
नव्या कीबोर्डवाल्याने (आम्ही त्याला चष्मा म्हणतो) प्रॅक्टिसला ड्रम मशीन आणलं. दादा म्हणाला, आपला साउंड जरा इलेक्ट्रॉनिक करू, दोनच गाण्यांपुरता, अगदी दोनच, तू कशाला तोंड वाकडं करतेस? केलं नव्हतं. पण बँडमध्ये ड्रम्स मी वाजवते. नोंद: 'दोनच' हा शब्द त्याने दोनदा वापरला.

१३ मे
माझे ड्रम्स भिंतीकडे सरकलेले. अंतर बावीस सेंटिमीटर. चष्मा म्हणतो, ताई, तुम्हाला पंखा लागावा म्हणून. मला घाम येतो हे याला कोणी सांगितलं?

१४ मे
निश्चय: भांडायचं नाही. मशीन नापास झालं की विषय संपला. उपकरणं तपासून नापास करण्याचाच मला पगार मिळतो.

२० मे, दु. ३.४०
सगळे चहाला गेले. मशीनमधले आकडे बदलले. प्रत्येक चौथा ठोका अठरा मिलिसेकंद उशिरा. कडव्याआधी वेग किंचित वाढता. आकडे हवेतले नकोत म्हणून माझ्याच जुन्या रेकॉर्डिंगवरून मोजून घेतले. (त्या रेकॉर्डिंगचा माइक सदोष असावा.)

२७ मे
मशीन लावलं. दादा डोळे मिटून बसला. धक्का बसला असणार. गायिका म्हणाली, अगं, हे तर डिट्टो तुझ्यासारखं वाजतंय! टोमणा. चष्मा गोंधळून म्हणाला, मी तर हातही लावला नाही. गुन्हेगार असंच म्हणतात. योजना यशस्वी.

२८ मे
दादाने स्वयंपाकघरात गाठलं. म्हणाला, दोनच गाणी घेणार होतो, कारण मशीनमध्ये तुझ्या वाजवण्याची मजा नव्हती. आता आलीये, तर सगळीच त्यावर घेऊ. चष्म्याने कमाल केली. मी म्हणाले, ती कमाल माझी आहे. तो हसला. म्हणाला, लहानपणापासून तुझं हेच, दुसऱ्याचं कौतुक झालं की लगेच 'मीच केलं'.
सेटिंगचे आकडे तोंडपाठ म्हणून दाखवले. म्हणाला, म्हणजे तू त्याचं मशीन उघडून बघितलंस?

१० जून, सायं. ७.००
कार्यक्रम. ड्रम्स घरी. मशीनचा प्लग लावायचं काम माझ्याकडे. महत्त्वाचं काम आहे, त्याशिवाय काहीच वाजणार नाही. नीट लावला.
दादा मागून येऊन एकदा तपासून गेला.