वाचनालयातलं वायफाय गेलं नव्हतं

कट्टा, रविवार

प्रिय मिहीर,

हातानं लिहिलेलं पत्र बघून दचकू नकोस. घरी सगळं जागच्या जागी आहे. काजीला मोहर बरा आलाय, पायरीच्या कलमाला या वर्षी मात्र पालवीच जास्त. शेजारच्या काशीबाईंचा गुडघा पुन्हा धरलाय, तरी सकाळी फुलं तोडायला त्या आपल्याआधी आपल्या अंगणात हजर असतात. तिकडे पर्थला आता उकाडा असेल ना? छोटीला टोपी घातल्याशिवाय बाहेर नेऊ नका.

तू मागे म्हणालास, "आई, मी घरीच वायफाय बसवून देतो. त्या वाचनालयात कशाला जाऊन बसता?" मी नको म्हटलं आणि तू रागावलास. तुला वाटलं, आई उगाच संकोच करते. आपल्या वाडीत रेंज नाही, एसटीनं कट्ट्याला जायचं म्हणजे अर्धा दिवस मोडतो, हे सगळं तुझं खरंच आहे. तरी मी नको म्हटलं, त्याचं कारण मला तेव्हा सांगता आलं नाही.

तू तिकडे गेलास त्याच सुमाराला कट्ट्याच्या वाचनालयात मोफत वायफाय सुरू झालं. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा संचितानं, म्हणजे तिथल्या ग्रंथपाल मुलीनं, फोनमध्ये पासवर्ड घालून दिला आणि खिडकीजवळची दोन खुर्च्यांची जागा दाखवली. परीक्षांचा अभ्यास करणारी मुलं मान खाली घालून बसलेली. आणि तुझा चेहरा दिसल्याबरोबर बाबा केवढ्यानं ओरडले, "मेल्या, जेवलंस काय? सुकलंस किती!" सगळी मुलं हसली. त्यानंतर तू काय जेवलास, तुझा साहेब कसा आहे, सूनबाईला कितवा महिना लागलाय, हे साऱ्या वाचनालयाला ठाऊक. छोटी झाली तेव्हा बाबांनी तिथं पेढे वाटले, आणि 'शांतता राखा'च्या पाटीखाली पोरांनी टाळ्या वाजवल्या.

तुझा फोन नसेल त्या दिवशीही बाबा जायला लागले. धुतलेला सदरा, खिशाला पेन, अगदी कचेरीत निघाल्यासारखे. संचिता त्यांना वर्तमानपत्रं लावायला देते. ते घड्या घालतात, काठीत अडकवतात, पुन्हा काढून पुन्हा लावतात. ती एका शब्दानं त्यांना टोकत नाही. घरी मात्र दुपारी माजघरात उभे राहतात आणि आपण पाणी प्यायला आलो होतो की देवापुढची वात सारायला, हे त्यांना आठवत नाही. दिवाळीनंतर एकदा कट्ट्याहून परतताना भलत्याच थांब्यावर उतरले. कंडक्टर ओळखीचा म्हणून घरी पोचले. त्यानंतर मी त्यांना एकटं सोडलेलं नाही.

कुडाळच्या डॉक्टरांना दाखवलं. विस्मरणाचा आजार आहे म्हणाले. गोळ्यांनी थोडा धीमा होईल, परतायचा नाही. रोजची सवयीची जागा, सवयीची माणसं सोडवू नका, असं त्यांनी बजावलं. म्हणून रे मला घरी वायफाय नको होतं. ते आलं की वाचनालयात जायला निमित्त उरणार नाही, आणि दिवसातून तेवढा वेळच तर ते अजून आपले बाबा असतात.

आता मंगळवारचं सांगते. तू फोन लावलास, मी त्यांच्यापुढे धरला. त्यांनी सदऱ्याची कॉलर नीट केली आणि म्हणाले, "नमस्कार. आपण कुठून आलात? आपलं काय काम होतं?" तू हसत सुटलास. "बाबा, खंयची नाटकां करतास?" म्हणालास. त्यावर ते तितक्याच नम्रपणे म्हणाले, "साहेब आज जागेवर नाहीत. आपण उद्या या." तू पोट धरून हसत होतास. बायकोला हाक मारलीस, की ये, बाबांची गंमत बघ. आणि ते तुझ्याकडे बघून, एखाद्या परक्या माणसाकडे बघून हसावं तसं, जरासं हसले.

मिहीर, ते नाटक करत नव्हते. तहसील कचेरीत तीस वर्षं ते लोकांशी ज्या मराठीत बोलले, त्या मराठीत ते तुझ्याशी बोलले. घरच्या माणसाशी त्यांनी कधी तसा एक शब्द काढलाय का? आपल्या माणसाशी त्यांची मालवणीच. तू त्यांना कामासाठी आलेला कोणी गृहस्थ वाटलास.

मी तिथल्या तिथे फोन बंद केला. मग तुला लिहून पाठवलं, की वायफाय गेलं. वायफाय गेलं नव्हतं. शेजारच्या टेबलावरची मुलगी फोनवर तिचं शिकवणीचं व्याख्यान बघतच होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि नजर खाली वळवली. संचितानं न विचारता पाण्याचा तांब्या आणून ठेवला.

 परतीच्या एसटीत ते मला म्हणाले, "मिहीराचो फोन इलो नाय गो आज." मी म्हटलं, "येतलो." तर मलाच समजावू लागले, "तो कामात असतलो. पोराक तरास देव नको." सीटवर त्यांनी माझा हात धरला होता. मला रडताही येईना.

हे तुला फोनवर कसं सांगू? वाचनालयात ते माझ्या शेजारी असतात आणि चार माणसं ऐकत असतात. घरी रेंज नाही. म्हणून आज ते पेपर लावताहेत तोवर इथल्याच टेबलावर बसून लिहिते आहे. पोस्टानं पोचायला फार दिवस लागतील, तेव्हा पानांचे फोटो काढून पाठवीन. तेवढं मला जमतं.

तुझी नोकरी, रजा, छोटीचं तान्हेपण, सगळं मला कळतं. आजवर मी कधी ये म्हटलं नाही. आता म्हणते. तू दारात उभा राहिलास म्हणजे ते तुला ओळखतीलच, असं मी सांगू शकत नाही, डॉक्टरही सांगत नाहीत. कदाचित तेव्हाही तुला 'उद्या या' म्हणतील. तरी ये. तुझं नाव अजून त्यांच्या तोंडात आहे. ते आहे तोवर ये, बाळा.

तुझीच,
आई