गळ्यावरची फुली

मंगळवार, दिवेलागणीला

न्हाई, घाबरलो-बिबरलो न्हाई मी. मशिनीखाली नुसतं पडायचं, त्यात काय भ्यायचं? गळ्यातली गाठ किरणांनी जाळायची हाय. आवाज ऱ्हाईल का जाईल, तेवढं डॉक्टरीण सांगंना.

तिनं गळ्यावर शाईनं फुली मारली. म्हणली, "आबा, पुसू नका. किरणं हितंच पडली पायजेत."

मी म्हणलं, "मेंढरू दुसऱ्याच्या कळपात जाऊ नये म्हणून रंग लावत्यात, तसंच झालं की गं पोरी."

तशी हसली. "व्हय आबा. शिरूरकडच्या धनगराचीच हाय मी. दादा मेंढरं रंगवायचे, मी डबा धरायची. आता माणसं रंगवते."

पुण्या-मुंबईला एवढी शिकली, आन् बोलती आमच्यावानी.

मंग मशीन घरघरली. डोळं मिटलं तर आमच्या खुटबावचं रान, धुकं, आन् धुक्यातनं कळप चाललाय. मी हाळी देतोय, मेंढरं वळत्यात. पर त्यो आवाज माझाच का?

घरी सून म्हणली, "मामा, पुसा की ती फुली, कसंतरी दिसतंय." वरडलो तिच्यावर. फाटका का हुईना, आवाज निघाला.

फुली जागंवर हाय. बास. ह्याच्या म्होरं एक अक्षर लिवणार न्हाई.